माझी वहिनी आता नाही

वहिनींना अख्खी इमारत वहिनीच म्हणायची. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. दवाखान्याच्या प्लास्टर-खोलीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. हाड डॉक्टर जुळवायचे, पण ओल्या पट्ट्या गुंडाळून होईपर्यंत तो हात किंवा पाय हलू न देता धरून ठेवायचा वहिनींनी, आणि हाड सांधलं की प्लास्टर कापायचंही वहिनींनीच. कापायची करवत घुर्रर्र करत पुढे आली की लहान पोरंच काय, दाढीमिशावाले बाप्येही भोकाड पसरायचे. मग वहिनी ती चालू करवत आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवायच्या. "बघा, कातडीला काही करत नाही ती. आता रडायचं असेल तर दुसऱ्या कारणासाठी रडा."

निवृत्त झाल्या आणि लगेच पाठोपाठ यजमान गेले. लेक लग्न होऊन लांब. घरात बोलायला कोणी नाही आणि बोलायची इच्छाही नाही, अशा त्या दिवसांत रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरून ताई खाली यायच्या. ताई म्हणजे यजमानांची थोरली बहीण, वहिनींची नणंद. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, आणि वर्गातला आवाज घरी आल्यावरही खाली न आणणाऱ्या. पण भाऊ गेल्यावर त्यांचाही आवाज बसला होता. दोघी समोरासमोर बसायच्या, चहा गार व्हायचा, आणि अंधार पडायला लागला की ताई उठून वर जायच्या.

एका रविवारी दुपारी ताई नेहमीच्या खुर्चीत बसल्या त्या नेमक्या रिमोटवर. टीव्ही लागला, चॅनेलं पळत सुटली आणि कुठल्यातरी एकावर थांबली. पडद्यावर एक दाढीवाला माणूस फळीवर रंधा मारत होता. मागे गाणं नाही, कोणी बोलत नाही. सर्र… सर्र… आणि रंध्याच्या तोंडातून पातळ, गुंडाळलेली सालपटं बाहेर पडत होती. दोघीही बघत राहिल्या. जाहिरात लागली तेव्हा ताई म्हणाल्या, "बंद करू?"

"राहू द्या, ताई. काय बनवतोय ते तरी कळू दे."

तो कुलूप बनवत होता. लोखंडाचा तुकडाही न वापरता, अख्खं लाकडी कुलूप, लाकडी किल्लीसकट. शेवटी किल्ली फिरली आणि आतली खुंटी टक्कन उचलली गेली, तेव्हा वहिनींनी चक्क टाळी वाजवली. आपण टाळी वाजवली हे लक्षात आल्यावर त्या ओशाळल्या. ताईंनी न पाहिल्यासारखं केलं.

तेव्हापासून रविवारची दुपार त्या कार्यक्रमाची झाली. दाढीवाल्याचं नाव त्यांनी मिस्त्री ठेवलं. जुन्या काळी माणसं विजेशिवाय काय काय करायची ते हा मिस्त्री स्वतः करून दाखवायचा. पाणचक्कीवर चालणारी करवत, लाकडाला भोकं पाडायला दोरी आणि धनुकली घेऊन फिरवायचा सामता, एकही खिळा न मारता नुसत्या पाचरींवर उभी राहिलेली शिडी. ताई पाणचक्की दिसली की नदीचा उतार किती असेल यावर बोलायला लागायच्या. वहिनींचे डोळे मिस्त्रीच्या बोटांवर. एकदा पटाशी निसटून त्याचा अंगठा कापला आणि त्यानं त्यावर नुसतं फडकं गुंडाळलं, तर वहिनी टीव्हीवर ओरडल्या, "अहो, टाका पडेल त्याला! फडकं काय गुंडाळताय!" पुढच्या भागात अंगठ्याला नीट बांधलेली पट्टी दिसली, तेव्हा ताई म्हणाल्या, "ऐकलं बाई तुझं." दोघी इतक्या हसल्या की समोरच्या घरातून कोणीतरी खिडकीतून डोकावलं.

एके दिवशी मिस्त्रीनं पायानं चालवायचा लेथ दाखवला. दोन खांब, त्यांच्यामध्ये दोन टोकांवर धरलेलं लाकूड, त्या लाकडाला गुंडाळलेली दोरी. दोरीचं एक टोक वर एका लवचिक बांबूला, दुसरं खाली फळीला. फळीवर पाय दाबला की लाकूड गर्रकन इकडे फिरतं, सोडला की बांबू दोरी वर खेचतो आणि लाकूड तिकडे फिरतं. त्यावर पटाशी धरली की चौकोनी लाकडाचा बघता बघता खुर्चीचा गोल पाय होतो.

"हे आपल्याला येईल," वहिनी म्हणाल्या.

"वेड लागलंय का?" ताई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पेन्सिल आणि मोठा कागद घेऊन हजर. कार्यक्रम रेकॉर्ड केलेला होता. ताईंनी तो थांबवत, पडद्याला नाक लावून चित्र काढलं, वहिनींनी मागच्या पडवीत लाकडं कापली. पहिला बांबू काडकन मोडला आणि वाळत घातलेल्या चादरींसकट खाली आला. दुसऱ्या वेळी एका खांबाची खाच उलट्या बाजूला पडली, कारण ताईंनी चित्रच उलटं काढलं होतं. "मी नकाशे काढत आले आयुष्यभर," ताई म्हणाल्या, "पूर्वेची पश्चिम कधी झाली नाही."

"आज झाली," वहिनी म्हणाल्या, आणि त्या खाचेत त्यांनी दुसऱ्या लाकडाचं ठिगळ बसवलं. फिक्या लाकडात गडद ठिगळ, लांबूनही दिसायचं. पण घट्ट बसलं.

लेथ चालला त्या दिवशी ताई फळीवर पाय मारत होत्या आणि वहिनींच्या हातात पटाशी होती. लाकडाचे बारीक तुकडे दोघींच्या केसांत, चष्म्यावर, ब्लाउजच्या गळ्यात. पहिला पाय निघाला तो गोल कमी आणि बटाट्यासारखा जास्त होता. तरी त्यांनी तो टीव्हीवर ठेवला, आणि आल्यागेल्याला दाखवला. यजमान गेल्यानंतर आपण एवढ्या मोठ्यानं हसतोय हे वहिनींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि याचं श्रेय त्यांनी मनातल्या मनात ताईंना दिलं. खरं तर तोवर लग्नापासूनची सगळी वर्षं ताई म्हणजे अहोजाहो होत्या. कधी त्यांची "अगं ताई" झाली ते दोघींपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

मग कार्यक्रमात आवाहन आलं. प्रेक्षकांनी घरी केलेल्या जुन्या यंत्रांचे फोटो पाठवा, निवडलेल्यांना मिस्त्रींच्या कार्यशाळेत बोलावू. ताईंनी आपल्या मोबाइलवरून लेथचे फोटो काढले. एका फोटोत वहिनी लेथपाशी, हातात पटाशी, केसांत भुसा. "हा नको गं, अवतार बघ माझा," वहिनी म्हणाल्या. "हाच चांगलाय," ताई म्हणाल्या, आणि पाठवून दिला.

वहिनींनी किती वाट पाहिली ते त्यांनी कोणाला सांगितलं नसतं. चपला कोणत्या घालायच्या इथपर्यंत त्या पोचल्या होत्या. ताईंना विचारलं की ताई म्हणायच्या, "अजून काही नाही." मग एकदा म्हणाल्या, "बारगळलं बहुतेक त्यांचं. टीव्हीवाल्यांचं काय खरं असतं?" वहिनींना वाईट वाटलं, पण ताईंनाही वाटलंच असेल म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

थोड्याच दिवसांनी ताई म्हणाल्या, की त्यांच्या जुन्या शाळेत प्रदर्शन आहे, लेथ तिकडे न्यायचाय. मुलांना दाखवायचाय. "तुलाही चल म्हटलं असतं, पण मुक्काम करावा लागेल, आणि त्या शिक्षिकांच्या गप्पा तुला माहीतच आहेत. कंटाळशील."

"नको, तू जाऊन ये," वहिनी म्हणाल्या. लेथचे भाग त्यांनी स्वतः जुन्या गोधडीत गुंडाळले, सुतळीनं आवळले, टेम्पोत चढवताना ड्रायव्हरला दहादा सांगितलं की वर काही ठेवू नका. ताई परत आल्या तेव्हा लेथ बरोबर नव्हता. "ठेवून घेतलाय त्यांनी थोडे दिवस. मुलांना फार आवडला." वहिनींना बरं वाटलं.

नंतरच्या एका रविवारी ताईंचा फोन आला. डोकं दुखतंय, पडून राहते, आज खाली येत नाही. "गोळी आणून देऊ?" "नको, झोपले की बरं वाटेल. आणि हे बघ, तूही आज पड जरा. आजचा भाग जुनाच दाखवतायत." वहिनी पडणार होत्याच. पण हात सवयीनं रिमोटकडे गेला.

भाग जुना नव्हता. मिस्त्री आपल्या कार्यशाळेत उभा होता आणि त्याच्या शेजारी एक लेथ होता. वहिनींनी आधी लेथ ओळखला, मग माणूस. फिक्या खांबावरचं गडद ठिगळ दिसलं आणि त्यांना वाटलं, अरे, शाळेतून तिकडे नेला की काय? मग कॅमेरा सरकला. ताई. केस सेट केलेले, कानात मोत्यांच्या कुड्या. त्या कुड्या वहिनींनीच त्यांना वाढदिवसाला दिल्या होत्या.

वहिनींना पहिल्यांदा आनंदच झाला हो. "अगंबाई!" असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि वर ताईंना हाक मारायला उठल्याही. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून लपवलं हिनं, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात मिस्त्रीनं विचारलं, "एकट्यांनी केलंत हे?"

"नाही," पडद्यावरच्या ताई म्हणाल्या. "माझी वहिनी होती बरोबर. तुमचा प्रत्येक भाग आम्ही दोघींनी मिळून पाहिलाय. तुम्हाला भेटायची तिची फार इच्छा होती." त्यांनी चष्मा काढला. "माझी वहिनी आता नाही."

मिस्त्रीनं हातातली पटाशी खाली ठेवली आणि मान खाली घातली. ज्या कार्यक्रमात कधी गाणं वाजलं नव्हतं त्यात सारंगी सुरू झाली. आणि मग पडद्यावर तो फोटो आला. लेथपाशी उभ्या वहिनी, केसांत भुसा. फक्त फोटोतले रंग काढून तो काळापांढरा केला होता.

वहिनी अर्ध्या उठलेल्या होत्या, तशाच राहिल्या. ताईंनी एकटीनं लेथवर पाय मारला, मिस्त्रीनं पटाशी धरली, लाकूड फिरलं, सालपटं उडाली. शेवटी मिस्त्री म्हणाला, हा भाग आम्ही त्या वहिनींच्या आठवणीला वाहतो.

फोन वाजला. वहिनींनी उचलला. पलीकडे दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर, आवाज भरून आलेला. "मी… वहिनींच्या घरचं कोणी बोलतंय का? आत्ताच टीव्हीवर…"

"मीच बोलतेय," वहिनी म्हणाल्या.

पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की वहिनींना वाटलं, आता सिस्टरच जातात की काय. "सिस्टर, मी आहे हो. जिवंत आहे. काहीतरी घोळ झालाय."

दाराची बेल वाजली. इस्त्रीवाला. घामाघूम, हात जोडून उभा. दार खुद्द वहिनींनी उघडल्यावर तो दोन पायऱ्या मागे सरकला. "माझी बायको म्हणाली टीव्हीवर… सकाळीच तर तुमचे कपडे दिले मी…" आणि मग सुटकेनं हसायला लागला. "आयुष्य वाढलं वहिनी तुमचं! शंभरी गाठता बघा!" त्याच्या हसण्यानं दारं उघडली, जिन्यात माणसं जमली, आणि जो तो हेच म्हणायला लागला. आयुष्य वाढलं. वहिनीही हसल्या. तोंडावर हसू ठेवूनच त्या जिना चढून वर गेल्या.

ताईंनी दार उघडलं. डोकं दुखत असल्यासारखा चेहरा मात्र नव्हता. "तू भाग बघितलास," त्या म्हणाल्या.

"ताई, हे काय गं?"

"अगं, कापाकापी केली त्यांनी!" ताई एकदम रडत बोलायला लागल्या. "मी म्हटलं, माझी वहिनी आता इथे नाही. 'इथे' म्हटलं होतं मी. तो शब्दच उडवला त्यांनी. मीसुद्धा आत्ता बघून हादरले. आणि तुला आधी सांगितलं नाही कारण… त्यांनी एकालाच बोलावलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून शाळेचं नाव केलं. चुकलंच माझं. पण ते मेल्याचं मी नाही म्हटलं, तुझी शपथ."

एक शब्द उडवला की माणूस मरतं, हे मराठीत शक्य होतं. आणि वहिनींना ते खरं हवं होतं. इतकं हवं होतं, की उलट त्याच ताईंना म्हणाल्या, "बरं, रडू नकोस आता. टीव्हीवाल्यांचं काय खरं असतं?" घरी आल्यावर लेकीचा फोन आला. लेकीला कोणीतरी सांगितलं होतं आणि ती हसून हसून बेजार झाली होती. वहिनींनी तिलाही सांगितलं, एडिटिंगचा घोळ आहे. इस्त्रीवाल्याला सांगितलं, सिस्टरना सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. आपल्या नणंदेची बाजू त्या इमारतभर लढवत हिंडल्या.

आणि ती लढवता लढवताच त्यांना त्या चॅनेलवाल्यांचा राग आला. म्हातारीच्या तोंडचं वाक्य कापतात म्हणजे काय? त्यांनी लेकीकडून चॅनेलचा नंबर मिळवला आणि सकाळी कामाच्या वेळेला फोन लावला. बऱ्याच हातांतून फिरत फिरत तो कार्यक्रमाची सगळी जुळवाजुळव करणाऱ्या मुलीकडे गेला.

"मी त्या लेथवाल्या ताईंची वहिनी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मला मारलंत."

आधी मुलीला कळेना. कळलं तेव्हा ती घाबरली. "पण मॅडम, आम्ही काहीच कापलं नाही! आम्हाला तर त्यांनी आधीच सांगितलं होतं. शूटिंगच्या कितीतरी आधी, फोनवर."

"काय सांगितलं होतं?"

"आम्ही दोघींना बोलावलं होतं ना. फोटोत तुम्ही होतात, कार्यक्रमातल्या आमच्या सरांना तुम्ही पटाशी धरलीय तीच पद्धत आवडली होती. सर म्हणाले दोघींना आणा. ताई म्हणाल्या, वहिनी आजारी आहे, मी एकटी येते. मग आम्ही म्हटलं, काही घाई नाही, त्यांना बरं वाटू दे, आम्ही थांबतो. तर त्या म्हणाल्या की नाही, फारच आजारी आहे. सर म्हणाले, मग आपणच त्यांच्याकडे जाऊ, घरी शूटिंग करू." मुलगी थांबली. "त्यानंतरच्या फोनवर त्या म्हणाल्या, की तुम्ही गेलात."

वहिनींनी फोन खाली ठेवला. ठेवण्याआधी त्या मुलीला "थँक्यू, बाळा" म्हणाल्या, हेही त्यांना आठवत होतं. मग बराच वेळ त्या ओट्याशी उभ्या होत्या. दूध उतू गेलं ते त्यांनी पाहिलं, गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. आणि वर गेल्या.

या वेळी त्या बसल्या नाहीत.

"मी आजारी असताना ते थांबायला तयार होते," वहिनी म्हणाल्या. "घरी यायलाही तयार होते. तुम्हीच मला मारलंत."

ताईंना फोनचं कळायच्या आधी त्या 'तुम्ही'चं कळलं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. वहिनींना आधी वाटलं, त्या पुन्हा कापाकापीचं काहीतरी सांगणार. पण त्यांनी सांगितलं नाही.

"मी काय करणार होते?" त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता, अगदी बारीक होता. "थांबतो म्हणाले. येतो म्हणाले. इतकी चांगली माणसं असतील असं मला काय माहीत? एक खोटं बोलून निभावेल वाटलं होतं."

"पण का? मी आले असते तर काय बिघडत होतं?"

"काय बिघडत होतं! तुझ्याकडे बघितलं असतं त्यांनी." ताई आता वहिनींकडे बघत नव्हत्या. "पटाशी कशी धरली, करवत कशी चालवली, सगळं तुझंच. आणि मी? मी रेकॉर्डिंग थांबवणारी. फळीवर पाय मारणारी. आमच्या घरी आलीस तेव्हापासून हेच चाललंय. आईला औषध तुझ्याच हातचं लागायचं. भावाला शेवटी कोण हवं होतं जवळ? मी उभी होते ना तिथे, पण त्यानं हाक तुला मारली. दवाखान्यात तू, इमारतीत तू. मला कोणी ताई म्हणून ओळखत नाही, वहिनींची नणंद म्हणतात. एक दिवस. फक्त एक दिवस मला त्या माणसाशेजारी एकटीला उभं राहायचं होतं. त्यानं मला विचारावं, मी सांगावं."

भावानं हाक कोणाला मारली हे वहिनींनी कधी असं मोजलंच नव्हतं. आईंच्या औषधाच्या वेळा सांभाळताना त्या रोज रडकुंडीला यायच्या, आणि तेव्हा ताई शाळेच्या सहलींना जायच्या, हे त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं. त्याऐवजी त्यांनी वेगळंच विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना कळलं की वर चढून आलो ते याचसाठी.

"तिथे चष्मा काढून रडलात. ते खरं होतं की खोटं?"

ताईंनी मान वर केली. "खरं होतं," त्या म्हणाल्या. "तुझी शपथ, खरं होतं. बोलता बोलता वाटायला लागलं की तू खरंच गेलीस. त्या मिस्त्रीनं पाणी आणून दिलं मला."

हे त्यांनी वहिनींना बरं वाटावं म्हणून सांगितलं असणार. पण वहिनींच्या अंगावर काटा आला. आपण इथे खाली बसून शाळेतल्या पोरांना लेथ आवडला असेल का याचा विचार करत होतो, आणि तिकडे ही आपल्यासाठी मनापासून रडत होती. साधं खोटं बोलली असती तर परवडलं असतं. हिनं आपल्याला मारलं, आणि वर मोकळं रडूनही घेतलं. आता आपण हिच्या कुठल्या दुःखावर विश्वास ठेवायचा? भाऊ गेल्यावर रोज समोर येऊन बसायची, ते तरी?

"माझी शपथ घेऊ नका," वहिनी म्हणाल्या. "मेलेल्या माणसाची शपथ चालत नाही." आणि जिना उतरल्या.

चॅनेलच्या मुलीचा पुन्हा फोन आला. आता तिची भीती गेली होती आणि उत्साह आला होता. वरच्या साहेबांची कल्पना होती. विशेष भाग करायचा. मिस्त्री लेथ चालवत असताना मागून वहिनी प्रवेश करणार, ताई समोर, दोघींची गळाभेट. लोकांना फार आवडेल. लेकीलाही ती कल्पना आवडली. "आई, जा ना! मिस्त्रींना भेटायचं होतं ना तुला? आणि आत्याचं काय मनावर घेतेस, वय झालंय तिचं. गंमत म्हणून घे."

सगळ्यांनाच ती गंमत वाटत होती, हा वहिनींचा खरा एकटेपणा होता. इस्त्रीवाला अजून दार उघडल्यावर खोटंखोटं दचकायचा. जिन्यातली माणसं शंभरीची आठवण करून द्यायची. आपल्याला काहीतरी लागलंय, हे दाखवायला ना सूज होती ना एक्सरे. मोडलेला हात लोकांना दिसायचा, त्यावर पोरं चित्रं काढायची, त्याला धक्का लागू नये म्हणून माणसं जिन्यात बाजूला सरायची. हे कोणाला दाखवणार?

त्यांनी मुलीला सांगितलं, "मी येणार नाही. तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. आणि आमचा लेथ परत पाठवा."

मुलीनं तो पाठवला. पुढच्या भागाच्या शेवटी पडद्याखालून एक बारीक ओळ सरकत गेली, की गेल्या भागात उल्लेख झालेल्या प्रेक्षक महिला सुखरूप आहेत, गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत. वहिनींनी ती पाहिली नाही. त्या दुपारी त्या मुद्दाम बाजारात गेल्या आणि नको असलेल्या बादल्या बघत हिंडल्या. सिस्टरनी फोन करून सांगितलं तेव्हा त्यांना कळलं.

टेम्पो आला तो भर सकाळी. ड्रायव्हर एकटाच, कंबरेला पट्टा. "उचलायला कोणी आहे का हो? मला वजन मना आहे," तो म्हणाला. जिन्यात नेमकं कोणी नव्हतं. चॅनेलवाल्यांनी लेथचे भाग सुटे न करताच अख्खा लेथ चढवला होता. वहिनींनी एक बाजू उचलून पाहिली. उचलली, पण सरकेना.

चपलांचा आवाज झाला. वरच्या खिडकीतून पाहिलं असणार, ताई खाली आल्या होत्या. त्यांनी सरळ दुसरी बाजू धरली. वहिनींनी "राहू द्या" म्हणायला तोंड उघडलं, टेम्पोकडे पाहिलं, ड्रायव्हरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"उचला," त्या म्हणाल्या.

उचलला. दारातून आत नेताना वहिनी मागे चालत होत्या. "डावीकडे." "थांबा, बांबू अडतोय." "खाली घ्या. हळू." एवढंच. पडवीत लेथ पहिल्या जागी टेकला तेव्हा दोघींनाही धाप लागली होती. ताईंचे केस आता सेट केलेले नव्हते, कानात कुड्या नव्हत्या. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. एरवी त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या असत्या, फ्रिज उघडला असता, बाटलीलाच तोंड लावलं असतं आणि वर म्हणाल्या असत्या, पाणी गार नाही गं तुझ्याकडे. आज त्या जागच्या हलल्या नाहीत.

वहिनी आत गेल्या. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ग्लासांपैकी एक त्यांनी घेतला, पाणी भरलं आणि ताटलीवर ठेवून बाहेर आणला. ताईंनी त्या ताटलीकडे पाहिलं, मग ग्लास उचलला. सावकाश, आवाज न करता सगळं पाणी प्यायल्या आणि ग्लास पुन्हा ताटलीत ठेवला.

"थँक्यू," ताई म्हणाल्या.

"असू द्या," वहिनी म्हणाल्या, आणि ताई दारातून बाहेर पडेपर्यंत ती ताटली तशीच धरून उभ्या राहिल्या.